प्रकल्प नोंदी: तोक्योत घर, दोन नोकऱ्या आणि परतीची दुसरी वाट

६ एप्रिल २०२४, शनिवार

प्रकल्प: भाड्याचं घर. मुदत: ३१ मे. त्या दिवशी कंपनीने दिलेली कायाबाचोची खोली सोडायची आहे. खोली म्हणजे एक पलंग आणि पलंगाभोवती आडवं होऊन सरकता येईल एवढी जमीन. मी चहा करत असले की नवऱ्याला बाथरूमच्या दारात उभं राहावं लागतं.

मी कामावर क्लिनिकल ट्रायलचा डेटा तपासते. जे लिहिलं नाही ते घडलंच नाही, ही तिथली शिकवण. म्हणून ही वही.

माझं ऑफिस मित्सुकोशिमाए स्टेशनजवळ, निहोनबाशीतल्या औषध कंपन्यांच्या वस्तीत. ह्याचं निशि-शिन्जुकुला. दोन्हींच्या मधे अख्खं मधलं तोक्यो. गाडी घ्यायची नाही. इथे गाडी नोंदवायलाच आधी पार्किंगच्या जागेचा दाखला लागतो, आणि त्या जागेचं भाडं ऐकून आमची हौस फिटली. त्यामुळे जे काही करायचं ते रेल्वे, बस आणि पाय यांच्या भरवशावर.

अटी. माझी: घराच्या दारापासून ऑफिसच्या खुर्चीपर्यंत दोघांनाही ४५ मिनिटांच्या आत. ह्याची: स्वयंपाकघराला खिडकी. दोघांची: सगळं धरून महिना १,४०,००० येन. इथे मोजणी 'मान'मध्ये, म्हणजे दहा हजारांत. १४ मान म्हणजे एक लाख चाळीस हजार. लाखाची सवय असल्यामुळे शून्यं मोजताना इंग्रजीत शिकलेल्यांपेक्षा आपण कमी अडखळतो असं वाटतं.

कोल्हापूरहून फोनवर सासऱ्यांनी चौथी अट घातली. "पाणी कुठवर येतं ते आधी बघा." नवरा हसला. मी लिहून ठेवली.

७ एप्रिल, रविवार

सगळ्यांनी सांगितलं तिथेच पहिल्यांदा जायचं ठरलं: निशि-कासाई, एदोगावा वॉर्ड, तोझाई लाइन. २००० च्या सुमारास संगणकवाले भारतीय येऊन इथे स्थिरावले आणि मागून येणारे त्यांच्या मागोमाग. २०१९ मध्ये एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आलेले योगेंद्र पुराणिक, म्हणजे इथले 'योगी', हे मूळ आपल्याकडचेच.

ओतेमाचीला समोर आली ती गाडी पकडली. मी डोंबिवलीची, गाडी पकडण्यात मला कोण शिकवणार? मिनामि-सुनामाची गेलं, गाडी बोगद्यातून वर आली, आराकावा नदीचा लांबलचक पूल आला, आणि मग निशि-कासाईचा फलाट आमच्या डोळ्यांदेखत सर्रकन मागे गेला. त्यामागोमाग कासाईचाही. ती रॅपिड होती. तोयोचोनंतर ती थेट उरायासुला थांबते. उरायासु दुसऱ्या प्रांतात, चिबामध्ये. जन्मभर कर्जत फास्टमध्ये चढून ठाकुर्लीला उतरायला निघालेल्यांना हसत आले, त्याचं हे फळ. नवऱ्याने काही म्हटलं नाही, पण त्याचं ते न म्हणणं उरायासुपासून परत दोन स्टेशनं पुरलं.

नोंद १: निशि-कासाईला फक्त स्लो थांबते. शिवाय कासाईला स्लो गाडी बाजूला उभी राहते आणि रॅपिड तिला ओलांडून जाते.

स्टेशनबाहेर पडल्यावर मात्र वाद मिटला. बागेत तेलुगू, तमिळ, हिंदी, आणि घसरगुंडीपाशी एक आई ओरडत होती, "अरे, बूट घाल आधी!" महिनाभरात रस्त्यात कानावर पडलेलं पहिलं मराठी. दुकानात तूरडाळ, हिंग, गव्हाचं पीठ. हिंगाची डबी घेतली आणि घर मिळाल्यासारखं वाटलं. डेटा तपासणाऱ्या बाईने असल्या वाटण्यावर भरवसा ठेवू नये, हेही लिहून ठेवते.

९ एप्रिल, मंगळवार

जाहिराती वाचायला शिकले. 'स्टेशनपासून ७ मिनिटं' म्हणजे ५६० मीटरपर्यंत. मिनिटाला ८० मीटर हा जाहिरातींसाठीचा नियमच आहे. त्यात सिग्नलला उभं राहणं, जिना, चढ यांपैकी काही धरत नाहीत. आणि स्टेशन म्हणजे स्टेशनचं सर्वांत जवळचं तोंड. तिथून फलाटापर्यंत तीन सरकते जिने खाली उतरायचे असले तरी ते तुमचं तुम्ही बघा. म्हणून आमच्या तक्त्यात 'दार ते फलाट' असा वेगळा रकाना केला.

१एलडीके म्हणजे एक खोली आणि बैठक-जेवण-स्वयंपाक मिळून एक जागा. २डीके म्हणजे दोन खोल्या, पण जेवणाची जागा छोटी. इमारत कधीची तेही बघायचं: १ जून १९८१ पासून भूकंपाचा नवा नियम लागू झाला, त्यामुळे लोक बांधकामाचं साल त्या रेषेच्या अलीकडचं की पलीकडचं ते आधी विचारतात.

१३ एप्रिल, शनिवार

दलाल. टापटीप तरुण, प्रत्येक वाक्याला वाकणारा. आम्ही सात घरं निवडली. त्याने आमच्यासमोरच एकेका मालकाच्या कंपनीला फोन लावला. माझं जपानी तोडकंमोडकं, पण प्रत्येक फोनमधलं तिसरं वाक्य कळायला लागलं: "भाडेकरू परदेशी आहेत, चालेल का?" मग शांतता. मग त्याचं तोंडाने हवा आत ओढणं. सातपैकी तीन घरं त्या हवेबरोबर गेली. एका ठिकाणून उलट प्रश्न आला, रोज मसाल्याचं जेवण करतात का. तो आमच्याकडे बघून बिचारा लाल झाला.

राग आला. राग येऊन उपयोग नाही हे कळलं म्हणून जास्त आला. जपानच्या न्याय मंत्रालयाने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, घर शोधलेल्या परदेशी लोकांपैकी ३९.३ टक्क्यांनी परदेशी म्हणून नकार मिळाल्याचं सांगितलं होतं. म्हणजे आमचं नशीब सरासरीएवढंच. मुंबईत 'फक्त शाकाहारी कुटुंबासाठी' अशी पाटी असलेल्या सोसायटीत माझ्या मैत्रिणीला घर नाकारलं होतं, तेव्हा मी "दुसरं बघ ना" एवढंच म्हणाले होते. तिला आज मेसेज केला.

१६ एप्रिल, मंगळवार

चाचणी फेरी क्र. १. रविवारी बघितलेली लाइन म्हणजे लग्नाआधी बघितलेली सासू. म्हणून आज सकाळी मुद्दाम उलटे निशि-कासाईला गेलो आणि ८ वाजून ५ मिनिटांनी तिथून ऑफिसला निघालो.

तोझाई गर्दीसाठी देशभर प्रसिद्ध आहे. किबा ते मोन्झेन-नाकाचो या टप्प्यात २०१९ साली गर्दी १९९ टक्के होती. साथीनंतर घटून २०२२ ला १३८. सरकारी मोजपट्टीप्रमाणे १०० टक्के म्हणजे प्रत्येकाला बसायला जागा किंवा धरायला कडी. २०० टक्के म्हणजे अंगावर अंग दाबलं जातं, पण साप्ताहिक कसंबसं वाचता येतं. हे वाचून मी मोठ्याने हसले. साप्ताहिक! आमच्या ८ वाजून काही मिनिटांच्या लोकलमध्ये नाक खाजवायला हात वर येत नाही.

प्रत्यक्षात? दाबलं गेलं, हो. पण कुणी बोललं नाही, ढकललं नाही, दारात लटकलं नाही. माझ्यासाठी निहोनबाशी स्टेशन पंधरा मिनिटांच्या आत, मग दहा मिनिटं चालत. मजेत. कोल्हापुरात स्कूटरवर सात मिनिटांत कॉलेज गाठणारा माझा नवरा मात्र कुदानशिताला गाडी बदलताना पांढरा पडला होता म्हणे. तिथून तोएई शिन्जुकु लाइन. त्याचं दार ते खुर्ची ५४ मिनिटं.

त्यात पैशांची भानगड. तोक्यो मेट्रो वेगळी, तोएई वेगळी. नऊ लाइन एकीच्या, चार दुसरीच्या. दोन्ही जमिनीखालून धावतात, नकाशावर एकाच रंगपेटीतून काढलेल्या दिसतात, पण एकीतून दुसरीत गेलं की भाडं नव्याने सुरू होतं, सत्तर येन सूट धरूनही महाग. कंपनी पासाचे पैसे देते, पण सर्वांत स्वस्त मार्गाचे. कुदानशिताला या दोन कंपन्यांच्या फलाटांमध्ये तर चक्क भिंत होती. ती २०१३ मध्ये पाडली. शेजारी-शेजारी दोन भावांची घरं आणि मधे भिंत, हे काही फक्त आपल्याकडे होत नाही.

२० एप्रिल, शनिवार

नाकानो. तोझाईचं पश्चिमेकडचं टोक, त्यामुळे बऱ्याच गाड्या तिथूनच सुटतात आणि रांगेत उभं राहिलं तर बसायला जागा. जेआरने (जपान रेल्वे) शिन्जुकु एक स्टेशन. जमीन उंच. दोघांनाही सोन्यासारखं. आम्हाला हव्या त्या आकाराच्या घराचं भाडं १७ मानच्या खाली दिसलं नाही. सूप पिऊन परत आलो.

२१ एप्रिल, रविवार

सासऱ्यांची अट. आज व्हिडिओ कॉलवर एदोगावा वॉर्डाचा पूरनकाशा त्यांच्यासमोर उघडला.

२०१९ साली वॉर्डाने घरोघरी वाटलेल्या या नकाशाच्या मुखपृष्ठावरच लिहिलं आहे: इथे राहून चालणार नाही. म्हणजे मोठा पूर यायचा असेल तर वॉर्डात कुठेतरी वर चढून बसू नका, वॉर्ड सोडून जा. खुद्द सरकारी कार्यालय आपल्याच हद्दीबद्दल असं छापतं, हे मला अजून पचलेलं नाही. एदोगावाची सुमारे ७० टक्के जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीइतकी किंवा तिच्याखाली आहे. आराकावा आणि एदोगावा या दोन नद्या, दक्षिणेला उपसागर, आणि मधे बशी.

सासरे बराच वेळ गप्प होते. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली होती. इशारा ३९ फुटांना, धोका ४३ ला. शाहूपुरीतल्या त्यांच्या जुन्या घरात भिंतीवर ती रेघ अजून आहे. रंग काढताना त्यांनी मुद्दाम तेवढी पट्टी सोडायला लावली. नकाशा बघून ते म्हणाले, "आमच्याकडे असा नकाशा असता तर मी फ्रीज तरी वर नेला असता." आणि मग, "घ्या. पण वरचा मजला घ्या. आणि निघायला रस्ता दोन बाजूंनी असू दे."

दोन बाजूंनी रस्ता. हे मी पाण्यासाठी म्हणून लिहून घेतलं.

जाता जाता: २०२० च्या ऑगस्टपासून घराचा करार करण्याआधी, पूरनकाशात ते घर कुठे येतं हे दलालाने दाखवणं बंधनकारक आहे. शिवाय, कासाईच्या दक्षिणेला समुद्रात भर घालून केलेलं सेइशिन-चो आतल्या जुन्या वस्तीपेक्षा उंच आहे. नवी जमीन उंच, जुनी खाली.

२७ एप्रिल, शनिवार

तरीही निशि-कासाईत एक घर मनात भरलं. ४१ चौरस मीटर, चौथा मजला, स्वयंपाकघराला खिडकी, भाडं १,३०,०००. मालकाला परदेशी चालतात. दलालाने सुरुवातीच्या खर्चाचा कागद पुढे सरकवला:

शिकिकिन (डिपॉझिट) १,३०,०००. रेइकिन १,३०,०००. दलाली करासह १,४३,०००. पुढच्या महिन्याचं भाडं आगाऊ १,३०,०००. हमी कंपनी ६५,०००. कुलूप बदलणं २२,०००. आगीचा विमा २०,०००. एकूण ६,४०,००० येन.

रेइकिन म्हणजे मालकाला आभाराचे पैसे. परत मिळत नाहीत. पागडी म्हणावी तर पागडीत निदान काही हक्क मिळतो. इथे नुसते आभार. हमी कंपनी म्हणजे आमच्या वतीने हमी देणारी, आणि तिचे पैसे आम्हीच भरायचे. दोन वर्षांनी करार वाढवताना आणखी एक महिन्याचं भाडं.

"विचार करून सांगतो," असं नवऱ्याने जपानीत म्हटलं. इथे त्याचा अर्थ 'नाही' असा होतो, हे दलालाचा चेहरा बघून कळलं. पण आमचा खरंच विचार चालू होता.

३ मे, शुक्रवार

सुट्ट्यांचा आठवडा. दलालांची दुकानं बंद. ऑफिसातल्या एका वडीलधाऱ्या सहकारी बाईंनी डब्याच्या वेळी सांगितलं होतं ते आज वाचून काढलं: यूआर. सरकारी मालकीच्या संस्थेची भाड्याची घरं, १९५५ मध्ये सुरू झालेल्या गृहनिर्माण महामंडळाची वारस. आपल्या म्हाडाच्या ओळखीने समजून घेतलं, पण यात सोडत नाही. रिकामं घर दिसलं की आधी येईल त्याला.

रेइकिन नाही. दलाली नाही. हमीदार नाही. करार वाढवण्याचे पैसे नाहीत. डिपॉझिट दोन महिन्यांचं. आणि परदेशी चालतात का, हा प्रश्न कुणी कुणाला फोनवर विचारत नाही. राहण्याचा परवाना दाखवला की झालं. आमच्या भाड्याच्या गटात पगार महिना ३,३०,००० येन असावा, एवढी अट.

मग सगळे तिकडेच का जात नाहीत? इमारती जुन्या, बऱ्याच १९८१ च्या आधीच्या. कोणत्या इमारतीची भूकंप तपासणी कधी झाली आणि निकाल काय, ते संस्था जाहीर करते. तेवढं मला पुरलं. नवऱ्याला फोटोतल्या मोरीच्या फरश्या पुरल्या नाहीत.

निशि-कासाई स्टेशनला लागूनच यूआरची मोठी वसाहत आहे. तिथे रिकामं घर दिसलं. ११ तारखेला बघायला जायचं.

११ मे, शनिवार

आजची नोंद लांब होणार.

कायाबाचोला फलाटावर गेलो तर तोझाई पुढे बंद. बिघाड नव्हता, ठरवून. मिनामि-सुनामाची स्टेशनात फलाट आणि रूळ वाढवण्याचं काम चालू आहे, त्यासाठी तोयोचो ते निशि-कासाई हा टप्पा आज आणि उद्या दोन्ही दिवस पूर्ण बंद. आठवडेच्या आठवडे स्टेशनांवर पोस्टर लागलं होतं. मी रोज त्याच्याशेजारी उभी राहून फोन बघत होते.

मेगाब्लॉक! हा शब्द तोंडून निघाला आणि एकदम हलकं वाटलं. रविवारी डोंबिवलीहून दादरला लग्नाला जाणाऱ्या माणसाला काय करायचं असतं ते पाठ असतं: दुसरी लाइन शोधायची. शोधली. आणि तेव्हा नकाशा पहिल्यांदा नीट दिसला.

एदोगावा वॉर्डातून जाणारी प्रत्येक रेल्वे पूर्व-पश्चिम जाते. वरून केइसेइ, मग सोबु, मग तोएई शिन्जुकु, मग तोझाई, खाली समुद्रकाठी केइयो. पाच समांतर रेघा, आणि त्यांना उभी जोडणारी एकही रेल्वे नाही. एका रेघेवरून दुसरीवर जायचं तर बस. आपली रेघ बंद पडली की तुम्ही बसच्या रांगेत, आणि त्या रेघेवर राहणारे बाकीचे सगळेही त्याच रांगेत.

आम्ही तोएई शिन्जुकुने फुनाबोरीला गेलो आणि तिथून २१० येनची बस धरली. बसमध्ये प्रॅम, सामान, म्हातारी माणसं, फुटबॉलच्या पोशाखातली अर्धी शाळा. खिडकीतून बघत होते: सरळ, सपाट, रुंद रस्ते. तोक्योत सायकली याच भागात एवढ्या का, ते कळलं. सपाट आहे, कारण खाली आहे.

घर पाहिलं. ठीक होतं. पण दोघंही घर बघतच नव्हतो. नवरा गॅलरीत उभा राहून स्टेशनकडे बघत होता. रिकामे रूळ. "वारा सुटला तरी हे बंद पडतं," तो म्हणाला. त्याने आधीच वाचून ठेवलं होतं: २८ फेब्रुवारी १९७८ ला नदीवरच्या त्याच पुलावर वावटळीने गाडीचे डबे उलथवले होते. तेव्हा निशि-कासाई स्टेशन व्हायचं होतं. ते १९७९ चं.

"बाबा काय म्हणाले होते?" मी विचारलं.

"वरचा मजला."

"आणि?"

तो माझ्याकडे बघून मोठ्याने हसला. सासऱ्यांनी जे पाण्यासाठी सांगितलं ते रुळांनाही लागू होतं. आम्ही महिनाभर सर्वांत जवळचं स्टेशन शोधत होतो. शोधायला हवं होतं ते दुसरं. वाईट दिवशी घरी कसं पोचायचं, हा रकाना आमच्या तक्त्यात नव्हताच.

परत येताना हिंग संपला नसतानाही घेतला.

१२ मे, रविवार

जेवणाच्या टेबलावर, म्हणजे पलंगावर, रेल्वेचा मोठा नकाशा. माझ्या ऑफिसवरून जाणारी लाइन जांभळी, हानझोमोन. ह्याची हिरवी, तोएई शिन्जुकु. दोन्ही एकाच स्टेशनात कुठे भेटतात? जिम्बोचो, कुदानशिता, आणि पूर्वेकडे एकच ठिकाण: सुमियोशी, कोतो वॉर्ड.

मला सुमियोशीहून मित्सुकोशिमाए तिसरं स्टेशन. ह्याला शिन्जुकु थेट, गाडी न बदलता. महिनाभर आम्ही लोकांनी सांगितलेल्या जागा तपासत होतो. नकाशावर दोन रंग बघायला वीस मिनिटं लागली. हे कामावर कुणाला सांगणार नाही.

सुमियोशीला लागून असलेली घरं महाग. पण पुढचं स्टेशन निशि-ओजिमा फक्त एक किलोमीटरवर. मधे कुठेतरी राहिलं तर दोन्ही पायी. शिवाय तोयोसु ते सुमियोशी अशी युराकुचो लाइनची शाखा मंजूर आहे, २०३० नंतरच्या दशकाच्या मध्यावर सुरू करायचं ठरलंय. तोवर आम्ही इथे असू की नाही माहीत नाही, पण उत्तर-दक्षिण काहीतरी येतंय एवढ्यानेही बरं वाटलं.

दुपारी चालून आलो. निशि-ओजिमाच्या बाजूने ओनागिगावा नावाचा सरळ कालवा जातो. पुढे शोगुन, म्हणजे जपानचा सत्ताधीश, झालेल्या तोकुगावा इएयासुच्या काळी खणलेला, ग्योतोकुचं मीठ त्याच्या एदोच्या (आताच्या तोक्योच्या) किल्ल्याकडे आणायला. ग्योतोकु म्हणजे आमच्या त्या तोझाईवरचं, उरायासुच्या पुढचं. चारशे वर्षांपूर्वी मीठ ज्या वाटेने यायचं तिचीच पुढे कामगारांची, मग आता पगारदारांची वाट झाली. कालव्याच्या काठाने एक आजोबा कुत्र्याला नाही, मांजराला फिरवत होते.

१४ मे, मंगळवार

चाचणी फेरी क्र. २. सकाळी आठला निशि-ओजिमाच्या चौकातून दोघं वेगवेगळ्या दिशेने निघालो. मी सुमियोशीपर्यंत चालत १३ मिनिटं, आणि तिथल्या फलाटापर्यंत खाली, खाली आणि अजून खाली. दार ते खुर्ची ३६. ह्याचे ४१. उभं राहून, पण चेहऱ्याला रंग होता.

उलटी चाचणी: संध्याकाळी तो मुद्दाम माझ्या लाइनने आला, ओतेमाचीवरून. एक तास. पण आला.

१८ मे, शनिवार

यूआरच्या कार्यालयातून किल्ली घेतली आणि आम्हीच जाऊन घर बघितलं. सोबत कुणी वाकणारं, हवा ओढणारं नाही. भाडं १,१५,०००, वर सामायिक खर्च ३,८००. २डीके, दक्षिणेकडे गॅलरी, स्वयंपाकघराला खिडकी. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या दीडशे गॅलऱ्या आणि दीडशे ठिकाणी वाळत घातलेले कपडे. डोंबिवलीच्या मुलीला याहून ओळखीचं दृश्य नाही.

आठवा मजला. लिफ्ट मात्र तळमजला, तिसरा, सहावा, नववा एवढ्याच ठिकाणी थांबते. बांधताना पैसे वाचवले असणार. म्हणजे नवव्यावर जायचं आणि एक मजला खाली यायचं. नवरा म्हणाला, "ही पण रॅपिडच आहे." महिनाभर त्याने हे वाक्य राखून ठेवलं होतं असा माझा संशय आहे.

पूरनकाशात इथला रंग निशि-कासाईपेक्षा फार वेगळा नाही. कोतो वॉर्डही बशीतच येतो. तेव्हा आपण उंच जमीन घेतोय असं स्वतःला सांगायचं नाही. घेतोय तो आठवा मजला आणि दोन लाइन. वादळाचा इशारा आला की गाड्या चालू आहेत तोवरच, आदल्या दिवशी, पश्चिमेला नाकानोच्या बाजूला निघायचं. हे फ्रीजवर लावायला लिहून ठेवलं. फ्रीज अजून घ्यायचा आहे.

दुपारी तात्पुरतं आरक्षण केलं.

२४ मे, शुक्रवार

कागद. रहिवासाचा दाखला, कंपनीकडून अपेक्षित पगाराचं पत्र, परवान्याच्या प्रती. आम्ही नवे, त्यामुळे गेल्या वर्षीच्या इथल्या उत्पन्नाचा कागद नाही. पगाराच्या पत्रावर भागलं. १ जूनपासून करार. भरले: डिपॉझिट २,३०,००० आणि जूनचं भाडं खर्चासकट १,१८,८००. एकूण ३,४८,८००. त्या दुसऱ्या कागदावरच्या ६,४०,००० शी तुलना करून मी एक चीजकेक आणला.

कंपनीच्या खोलीची मुदत एक दिवस वाढवून घेतली.

१ जून, शनिवार

सामान दोन बॅगा, एक कुकर, चार डब्या हिंग.

संध्याकाळी सहाला कळलं की घरात दिवे नाहीत. बल्ब नाहीत असं नाही. छताला नुसती खोबण, दिवा आपला आपण आणायचा. शेगडी आपली, पडदे आपले. हे सगळ्यांना माहीत असतं म्हणून कुणीच सांगत नाही. बाथरूममधल्या एका दिव्याच्या उजेडात दार उघडं ठेवून, फरशीवर बसून कोनबिनीचे (चोवीस तास उघड्या दुकानाचे) ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, खाल्ले. पश्चिमेला शिन्जुकुचे मनोरे चमकत होते. त्यांच्याकडे भरपूर दिवे होते.

१२ जून, बुधवार

वॉर्ड कार्यालयात नवा पत्ता नोंदवला. चौदा दिवसांची मुदत असते, अकराव्या दिवशी गेलो. दोघांचे पास काढले. ह्याचा जिम्बोचोवरून जातो, आणि पासावर मधे कुठेही उतरता येतं, त्यामुळे जुन्या पुस्तकांच्या दुकानांचा खर्च वेगळ्या रकान्यात टाकावा लागणार.

निशि-कासाईला महिन्यातून एकदा जायचं ठरलंय. ओजिमातही एक भारतीय दुकान सापडलं, पण तिथे बागेत ओरडणारी ती आई नाही.

रात्री सासऱ्यांना घर दाखवलं. गॅलरीतून खाली कॅमेरा धरला, कालव्याची रेघ दाखवली, दोन्ही स्टेशनांच्या दिशा दाखवल्या. आठवा मजला म्हटल्यावर ते खूश झाले. मग म्हणाले, "पाणी आलं की वीज जाते. वीज गेली की लिफ्ट. लिफ्ट गेली की प्यायचं पाणी वर कोण आणणार?"

उरलेली कामं: पडदे, फ्रीज, दोन-दोन लिटरच्या बारा बाटल्या. ठेवायच्या कुठे, ते ठरायचंय.